ठासणीच्या बंदुकीचा वारसा : काळा चबुतरा ते वैजापूरचे माळ

छत्रपती संभाजीनगरचा क्रांती चौक हा शहराचा सार्वजनिक ओटा आहे. मोर्चे इथून निघतात, जयंतीच्या मिरवणुका इथे रेंगाळतात आणि छत्रपती शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याला वळसा घालून जालना रस्त्याची वाहतूक अहोरात्र वाहत असते. चौकाच्या नावातली क्रांती मात्र अनेकांना नेमकी सांगता येत नाही. ती १८५७ ची. या जागेचे जुने नाव काळा चबुतरा. त्या वर्षीच्या जून महिन्यात इथे बंडखोर घोडेस्वारांना देहान्ताची शिक्षा देण्यात आली. कोणी फासावर गेले, कोणाला गोळ्या घातल्या गेल्या, कोणाला तोफेच्या तोंडी दिले गेले.

हा धागा त्या बंडाविषयी थोडा आणि त्या काळातील बंदुकीविषयी अधिक आहे. बंदूक होती ठासणीची. ती चालवायला शिकणे आणि शिकवणे ही भारतात कित्येक शतके बापलेकांमधली गोष्ट होती, आणि ती शिकण्याची पहिली शाळा म्हणजे हरणाची शिकार. हे शिक्षण कोणाच्या मुलाला द्यावे, कोणाच्या मुलाला देऊ नये, हे ठरवणारी सत्ता मात्र बापाच्या हाती फार काळ राहिली नाही.

आधी ते शिक्षण काय होते ते पाहू.

ठासणीच्या बंदुकीला मागे उघडणारी कळ नसते. जे काही भरायचे ते नळीच्या तोंडातून. प्रथम मोजून दारू ओतायची. ही दारू सोरा, कोळसा आणि गंधक यांची. सर्वसाधारण प्रमाण शंभरात पंचाहत्तर, पंधरा आणि दहा. त्यावर चिंधीचा किंवा काथ्याचा बोळा, मग शिशाची गोळी किंवा छर्रे, पुन्हा बोळा. हे सगळे गजाने नळीच्या बुडापर्यंत ठासायचे. ठासणीची बंदूक हे नाव त्यावरून आले. नळीच्या बुडाशी बाजूला एक बारीक छिद्र असते, त्याला कान म्हणत. शत्रूच्या तोफांच्या कानात खिळे ठोकल्याचे वर्णन बखरींच्या वाचकांना परिचित असेल, तोच हा कान. कानापाशी चिमूटभर बारीक दारू ठेवायची, ती रंजक. चाप ओढला की जळती जामगी रंजकेवर टेकते, ठिणगी कानातून आत शिरते आणि बार उडतो.

वाचायला हे सोपे वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक पायरीवर चूक दडलेली असते. दारू जास्त झाली तर नळी फाटते, कमी झाली तर गोळी हरणापर्यंत पोचत नाही. गोळी आणि दारू यांच्यामध्ये पोकळी राहिली तर बंदूक हातातच फुटू शकते. गज नळीत विसरला तर तोही गोळीसारखा निघून जातो. सर्वांत घातक चूक म्हणजे एकदा भरलेल्या नळीत पुन्हा बार भरणे. हे फक्त नवशिक्याच्या हातून घडते असेही नाही. अमेरिकेतील यादवी युद्धात गेटिसबर्गच्या लढाईनंतर, १८६३ साली, रणांगणावरून गोळा केलेल्या हजारो बंदुकांत एकावर एक दोन किंवा त्याहून जास्त बार सापडले होते. गोंधळात आणि भीतीने शिपाई नुसते ठासतच राहिले होते. जाणता शिकारी म्हणून गजावर खूण करून ठेवतो. रिकाम्या नळीत गज किती आत जातो आणि भरलेल्या नळीत किती बाहेर उरतो, हे त्या खुणेवरून कळते. पोराला पहिला धडा मिळतो तो या खुणेचा; नेम धरण्याची पाळी त्यानंतर केव्हातरी येते.

हरीण हे या विद्येचे कठोर परीक्षक. काळवीट उघड्या माळावर चरते, दूरवर पाहते आणि संशय येताच उड्या घेत निघून जाते. तोड्याच्या बंदुकीची जामगी सतत धुमसत असते, तिचा वास वाऱ्यावर जातो. त्यामुळे वारा समोरून घेऊनच सरकावे लागते. चाप ओढणे आणि गोळी सुटणे यांत क्षणभराचे अंतर पडते. त्या क्षणात खांदा हलला की नेम गेला. आणि बार एकच. दुसरा भरून होईपर्यंत कळप दिसेनासा होतो. पावसाळ्यात दारू दमट झाली की सारा खटाटोप फुकट, फुसका बार. मराठीतील हा वाक्प्रचार ठासणीच्या बंदुकीनेच आपल्याला दिला.

अशी विद्या पुस्तकातून येत नाही. कोणीतरी शेजारी बसून, हात धरून ती द्यावी लागते. त्यामुळे ती घराण्यातून वाहत राहिली.

घराण्यांत सर्वांत मोठे घराणे तैमूरी बादशहांचे, आणि नोंदीही त्यांच्याच सर्वांत तपशीलवार. अकबराच्या खासगी बंदुकांत ‘संग्राम’ नावाची एक लाडकी बंदूक होती. ‘आईन-ए-अकबरी’त बंदुकांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि या एकट्या बंदुकीने बादशहाने मारलेल्या जनावरांची संख्या १०१९ दिली आहे. शिकार हा करमणुकीचा भाग होताच. शिवाय ती सैन्याची तालीम होती, मुलूख पाहण्याचे निमित्त होते आणि राजपुत्राच्या शिक्षणाचा विषयही होती. अकबराचा मुलगा सलीम, म्हणजे पुढचा जहांगीर, याने आपल्या आत्मचरित्रात शिकारीचा हिशेब मांडला आहे. हिशेबाची सुरुवात होते त्याच्या वयाच्या बाराव्या वर्षापासून. पन्नाशीपर्यंत त्याच्या उपस्थितीत २८,५३२ जनावरे व पक्षी मारले गेले. त्यांतील १७,१६७ त्याने स्वतःच्या हाताने टिपले. त्यात ८८९ नीलगायी आहेत, आणि काळवीट, चिंकारा, चितळ व डोंगरी बकरे वगैरे मिळून १६७० जनावरे. पक्ष्यांची संख्या १३,९६४, त्यातही पारवे दहा हजारांहून जास्त.

आकडे वाचून आजच्या वाचकाला शिसारी येईल, आणि येणे योग्यही आहे. तरी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. बारा वर्षांच्या मुलाने काय मारले याची नोंद ठेवायला दरबारी लेखनिक नेमलेले होते. राजपुत्राची शिकार हा राज्याच्या दप्तराचा भाग होता. पुढे याच उपखंडात त्याच वयाच्या दुसऱ्या काही मुलांचीही सरकारी नोंद होणार होती, ती वेगळ्या कारणासाठी.

जहांगिराच्या बंदुकीची आणखी एक हकीकत या शहराशी येऊन भिडते. पन्नाशी गाठल्यावर बंदुकीची शिकार सोडायची आणि आपल्या हाताने कोणत्याही जिवाला इजा करायची नाही, असा संकल्प त्याने केला होता. लाडका नातू शुजा आजारी पडला तेव्हा त्याच्या जिवासाठी बादशहाने या संकल्पाचा नवस केला. नातू बरा झाला. बंदूक खाली ठेवली गेली, आणि ती सुमारे पाच वर्षे खालीच राहिली. मग १६२२ साली शुजाचा बाप, म्हणजे बादशहाचा मुलगा खुर्रम, ज्याला आपण शाहजहान म्हणून ओळखतो, त्याने बंड केले. दुखावलेल्या बापाने नवस मोडला, बंदूक पुन्हा हाती घेतली आणि राजवाड्यातल्या चाकरांनीही बंदुका बाळगाव्यात असा हुकूम काढला. नातवासाठी सोडलेली बंदूक मुलामुळे परत उचलली गेली. मोगल घराण्यातील बापलेकांच्या नात्याचे याहून नेमके चित्र शोधूनही सापडणार नाही.

बंडखोर खुर्रम हरत हरत शेवटी दख्खनेत आला आणि त्याने हात मिळवला तो मलिक अंबरशी. मलिक अंबर म्हणजे १६१० साली खडकी वसवणारा निजामशाहीचा वजीर; खडकीचेच पुढे औरंगाबाद झाले. मोगल फौजेने १६१६ मध्ये ही खडकी जाळलीही होती. त्याच सुमारास दरबारी चित्रकार अबुल हसन याने एक चित्र काढले, ते सध्या डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा राहून भाल्यावर टांगलेल्या मलिक अंबरच्या मुंडक्यावर बाण सोडतो आहे. सतरा हजार जीव टिपणाऱ्या या शिकाऱ्याला अंबर मात्र कधीच गवसला नाही. तो १६२६ साली मृत्यू येईपर्यंत मोकळाच राहिला. चित्रातली शिकार चित्रातच राहिली.

बादशहाकडून आता स्वाराकडे येऊ.

१८५७ साली औरंगाबादच्या छावणीत असलेले हैदराबाद कंटिंजंटचे पहिले घोडदळ नुकतेच मोमिनाबादहून, म्हणजे अंबाजोगाईहून आलेले होते. कंटिंजंट ही नावाला निजामाची, प्रत्यक्षात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालची फौज. तिच्या खर्चापोटी १८५३ साली वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांकडे गेला होता. घोडदळ शिलेदारी पद्धतीचे. सरकार पगार देई. घोडा आणि हत्यार स्वाराने स्वतःचे आणायचे. या फौजेतील जागेला असामी म्हणत. असामी विकता येई, विकत घेता येई, आणि बापाकडून मुलाकडे जाई. स्वारांची वयात येणारी मुले उमेदवार म्हणून छावणीच्या आसपास असत. म्हणजे इथे शस्त्र हे सरकारी कोठीतून मिळणारे सामान नव्हते. ती घरची चीज होती. तलवार जशी देवघराशेजारी किंवा दिवाणखान्याच्या खुंटीवर असते तशी बंदूक घरात होती, आणि ती पोराला दाखवणारा माणूसही घरातच होता.

त्या वर्षी उत्तरेत भडका उडाला तो नव्या एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसांवरून. ही १८५३ च्या नमुन्याची बंदूकही ठासणीचीच. कागदी पुडीचे टोक दातांनी फोडायचे, आतली दारू नळीत ओतायची आणि चरबी लावलेली गोळी ठासायची. चरबी लागत होती कारण नळीच्या आत आटे होते आणि गोळी त्यात घट्ट बसावी लागे. गोळी सरकावी म्हणून चिंधीला तेल किंवा चरबी लावणे हे शिकाऱ्यांना जगभर माहीत होते. फरक एवढाच की घरी बार भरायला शिकणाऱ्या मुलाला चिंधीला काय लावले आहे ते ठाऊक असे. ते त्याच्यासमोरच लावलेले असे. छावणीत शिपायाच्या हाती तयार पुडी आली आणि आत काय आहे हे सांगणारे कोणी विश्वासाचे उरले नाही. काडतुसाच्या प्रश्नात धर्म होता, तसा हा तुटलेला विश्वासही होता. इतिहासाची क्रमिक पुस्तके पहिल्या मुद्द्यावर थांबतात.

औरंगाबादच्या स्वारांचे निमित्त मात्र काडतूस नव्हते. आपल्याला दिल्लीला नेऊन बादशहाविरुद्ध लढवणार, ही बातमी छावणीत पसरली आणि रिसाला बिथरला. जूनच्या मध्यापर्यंत परिस्थिती हाताबाहेर गेली. पुण्याहून निघालेले जनरल वुडबर्नचे दळ अहमदनगरमार्गे आले, तोफा रोखल्या गेल्या, काही स्वार निसटले, काही पकडले गेले. लष्करी न्यायालयाचे काम झटपट उरकले. पुढचे काळ्या चबुतऱ्यावर घडले.

बंड मोडल्यावर राज्यकर्त्यांनी जो धडा घेतला तो शस्त्राविषयीचा होता. देशभर नि:शस्त्रीकरणाच्या मोहिमा निघाल्या. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रास्त्रांचा कायदा झाला. हिंदी माणसाला बंदूक ठेवायची तर परवाना हवा. युरोपीय माणसाला या अटीतून सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून या भेदाविरुद्ध ठराव होत राहिले. निजामाचे राज्य या कायद्याच्या थेट कक्षेत नव्हते. पण गोदावरी ओलांडली की अहमदनगर, अजिंठ्याचा डोंगर उतरला की खानदेश, आणि तिथे इंग्रजी अंमल. औरंगाबादच्या आसपास हिंडणाऱ्या शिकाऱ्याच्या पायाखाली दिवसाआड कायदा बदलत असे.

हा कायदा करणाऱ्यांच्या मायदेशातही हरीण हे वर्गाचेच जनावर होते. इंग्लंडच्या १६७१ च्या शिकार कायद्याने ठरवले की वर्षाला १०० पौंड उत्पन्नाची स्वतःची जमीन असेल त्यालाच शिकारीचा हक्क. त्यात एक पुस्ती होती: एस्क्वायर किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या गृहस्थाचा वारस मुलगा असेल तर त्याची स्वतःची जमीन पाहायची गरज नाही. बापाच्या दर्जावर मुलाला शिकारीची परवानगी. १७२३ मध्ये तर तोंडाला काळे फासून राखीव जंगलात हरीण चोरणाऱ्याला फाशीची तरतूद झाली. या देशातून उठून अमेरिकेत गेलेल्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या १७७६ च्या घटनेत प्रत्येक रहिवाशाला आपल्या व कुंपण नसलेल्या जमिनीवर हंगामात शिकारीचा हक्क लिहून ठेवला, तो उगाच नव्हे. त्याच पेनसिल्व्हेनियात १९७४ पासून चकमकीच्या ठासणीच्या बंदुकीने हरीण मारण्याचा वेगळा हंगाम भरतो. तिथला बाप आजही आपल्या मुलाला गज, दारू आणि चिंधी यांचा धडा कायदेशीरपणे देऊ शकतो.

इकडे दख्खनेत हरणाची शिकार हा ज्यांचा पिढीजात व्यवसाय होता, त्यांचे नावच पारधी. इंग्रजी काळातील नोंदींत त्यांचे पोटभेद दिले आहेत. बंदूक वापरणारे ते शिकारी किंवा भिल पारधी, फास लावणारे ते फासेपारधी. फासेपारध्यांचे तंत्र बंदुकीहून सूक्ष्म होते. आतड्याच्या तातीचे फास एका रांगेत मांडायचे, बैलाच्या आडोशाने सरकत कळपाला हळूहळू त्या बाजूला वळवायचे. शिंगांत फास अडकवलेले पाळीव काळवीट रानटी नराशी झुंजायला सोडून त्याला पकडण्याची रीतही होती. गंमत अशी की माणसाळलेल्या हरणाच्या शिंगांवर जाळे टाकून रानटी हरीण धरण्याचे हे तंत्र ‘आईन-ए-अकबरी’त बादशाही शिकारीचा प्रकार म्हणून वर्णिलेले आहे. अकबराच्या मैदानावर जी राजविद्या, तीच पारध्याच्या पालावर पोट भरण्याची रीत. संस्थानिकांना शिकारी चित्ते लागत, तेही पकडून आणणारे हात पुष्कळदा पारध्यांचेच.

गुन्हेगार जमातींचा कायदा १८७१ साली आला. १९११ मध्ये तो नव्याने होऊन मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि पारधी त्याच्या यादीत गेले. जन्माने गुन्हेगार, रोजची हजेरी, गाव सोडायला परवानगी. या कायद्यातले एक कलम विशेष ध्यानात ठेवण्यासारखे आहे. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून काढून सुधारशाळेत किंवा औद्योगिक शाळेत ठेवण्याचा अधिकार सरकारला मिळाला. त्याआधी १८९७ च्या दुरुस्तीत ही मर्यादा चौथ्या वर्षापासून सुरू होत होती. सोलापूरच्या सेटलमेंटसारख्या वसाहती याच व्यवस्थेतून उभ्या राहिल्या.

सहा ते अठरा. मुलगा वाऱ्याची दिशा ओळखायला शिकतो, माग काढायला शिकतो, दारूचे माप आणि फासाची गाठ बोटांत बसते, ती हीच वर्षे. सरकारला हे चांगले समजलेले होते. बाप आणि मुलगा वेगळे केले की विद्या एका पिढीत संपते, हा हिशेब त्या कलमामागे होता. सलीमच्या बाराव्या वर्षाची नोंद शिकारखात्याने केली. पारध्याच्या बारा वर्षांच्या मुलाची नोंद पोलिसांनी. धडा दोघांचाही जवळपास एकच होता.

याच काळात कोल्हापुरात शाहू महाराजांनी उलटा रस्ता धरला. महाराज स्वतः नामांकित शिकारी, चित्त्यांचे शौकीन. फासेपारध्यांची हुशारी त्यांनी रानात जवळून पाहिलेली होती. त्यांनी पारध्यांना नोकरीवर घेतले, राहायला जागा दिली, पहाऱ्यावर नेमले आणि १९१८ साली संस्थानातली हजेरीची पद्धत बंद केली. ज्याला इंग्रजी कायदा चोर म्हणत होता त्याच्यावर राजाने आपली राखण सोपवली. त्याच १९१८ मध्ये महाराजांचा धाकटा मुलगा प्रिन्स शिवाजी रानडुकराच्या शिकारीत अपघाताने गेला. वय एकोणीसच्या आसपास. शिकारीच्या शिक्षणाची किंमत राजघराण्यांनाही चुकत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला. कागदावरचा शिक्का पुसला गेला, पोलिसांच्या नजरेतला पुसायला त्याहून फार वेळ लागला. १९५९ चा शस्त्र कायदा आला. त्यात एक ओळ आहे जी शहरी वाचकाच्या नजरेतून सहज सुटते: पिकाच्या राखणीसाठी खरोखर गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा. संपूर्ण कायद्यात या जुनाट हत्याराला अशी स्वतंत्र जागा आहे. ते का, हे उघड आहे. ती स्वस्त, एकबारी, भरायला वेळखाऊ. सरकारला तिची धास्ती सर्वांत कमी. काळ्या चबुतऱ्यानंतर शतकभराने सरकारने शेतकऱ्याच्या हाती तीच बंदूक पुन्हा दिली, कारण तोवर ती निरुपद्रवी झाली होती.

हरणांवर संकट आले ते या बंदुकीने नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप आली, सर्चलाइट आला, मागून भरायच्या काडतुसी रायफली सुटल्या. माळावरचे काळवीट जीपच्या दिव्यात खिळून उभे राहू लागले आणि एका रात्रीत कळप साफ होऊ लागले. हे करणारे बहुतेक शहरी, सधन, परवानाधारक. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातले. शिकारीचे परवाने तरीही काही प्राण्यांसाठी चालू राहिले. ते पूर्णपणे बंद झाले १९९१ च्या दुरुस्तीने. नगर जिल्ह्यात कर्जतजवळ रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य १९८० साली झाले. बंदी आवश्यक होती, हे आज माळावर कळप पाहणारा कोणीही मान्य करील. तिचा भार मात्र जीपवाल्यापेक्षा पारध्यावर जास्त पडला. जीपवाल्याचा छंद गेला. पारध्याचे पोट गेले, आणि त्याच्या हातातली विद्या पुन्हा गुन्हा ठरली.

मुलांच्या बाबतीत आणखी एक बदल झाला, त्याची चर्चा जवळपास होत नाही. १९५९ च्या कायद्यात शस्त्र बाळगण्याचे किमान वय सोळा होते. १९८३ च्या दुरुस्तीने ते एकवीस केले. प्रशिक्षणापुरती, नेमबाजीच्या मैदानावर, ठरलेल्या अटींवर मुलांना सूट आहे. म्हणून शहरातला पंधरा वर्षांचा मुलगा रायफल क्लबात प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली नेम साधू शकतो. शेतातल्या बांधावर, बापाच्या देखरेखीखाली, तसे करता येत नाही.

वैजापूर तालुक्यात आज काळविटांचे कळप पुन्हा मोठे आहेत. खरिपाचे कोवळे कोंब वर आले की ते शेतात उतरतात. बापाकडे पीक संरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक असली तरी काळविटावर गोळी टाकणे हा गंभीर गुन्हा आहे. रोही आणि रानडुक्कर यांच्यासाठी वनखात्याकडून परवानगीची वाट आहे, तिच्या अटीही बऱ्याच. काळविटासाठी फार तर गोळी न घालता नुसती दारू आणि बोळा ठासून आवाज करायचा. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. तेवढे दिवस बापलेक दोघेही रात्री मचाणावर बसतात, आणि सतरा वर्षांच्या पोराच्या हाती असते ती बॅटरी आणि वाजवायला पत्र्याचा डबा.